पेटीवरचे बारा स्टिकर

त्या शुक्रवारी पहाटे रेडिओत सेल नव्हते, आणि मामंजी रेडिओ ऐकत होते.

मी चहा घेऊन सोप्यात आले तेव्हा माझे सासरे नेहमीसारखे खांबाला टेकून बसले होते. रेडिओ उजव्या कानाला, डोळे मिटलेले, डाव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. आदल्या संध्याकाळी मोरीत विंचू निघाला म्हणून मी रेडिओतले दोन्ही सेल काढून टॉर्चमध्ये घातले होते. विंचू मारला, सासूबाईंनी तो केरसुणीवर घेऊन चार घरांत दाखवला, आणि या गडबडीत सेल परत घालायचे राहून गेले. हे मला कपबशी खाली ठेवताना आठवलं. टॉर्च समोरच खिळ्याला लटकत होता.

"मामंजी," मी हाक मारली.

ते ठेका धरून होते. मी गुडघ्याला हात लावला तसे त्यांनी डोळे उघडले.

"आलीस? वही घे. आज लई झकास लागलंय."

मी वही घेतली. दुसरं काय करणार? लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासऱ्याला 'तुमच्या रेडिओत सेल नाहीत' असं सांगायची माझी हिंमत नव्हती.

आमचं गाव यंत्रमागांचं. दिवसरात्र खडाखड चाललेली, आणि मागांच्या विजेच्या मोटारींमुळे रेडिओवर नुसती खरखर. फक्त शुक्रवारी वीज नसे, माग बंद असत, आणि गाव इतकं गप्प होई की पाहुण्यांना बरं वाटे आणि आम्हाला चुकल्यासारखं होई. त्या शांततेत, पहाटे साडेपाच ते साडेसहा, अमेरिकेतलं एक स्टेशन लागायचं. रेड बार्न रेडिओ. गुराख्यांची, शेतकऱ्यांची, ट्रकवाल्यांची गाणी. मामंजींना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण एकदा काटा फिरवता फिरवता ते त्यांना सापडलं आणि ते तिथंच थांबले.

"आपल्यासारखंच हाय गं," ते मला म्हणाले होते. "नाकात गातात आन् बायकोनं सोडलं म्हणून रडतात."

त्या स्टेशनची एक रीत होती. तुम्ही काय ऐकलं ते वेळेसकट लिहून कळवायचं. कोण गात होतं, बाई की पुरुष, मध्ये निवेदक काय बोलला, आवाज किती स्पष्ट, खरखर किती, त्याला पाचपैकी गुण. ते त्यांच्या नोंदीशी ताडून बघत. जुळलं तर पत्र येई, 'तुमचा अहवाल बरोबर आहे', आणि सोबत एक लांबट चकचकीत स्टिकर, महिन्याला एकच. त्यावर लाल कोठार, घोडा, आणि दर महिन्याला वेगळा रंग. नाही जुळलं तर नुसतं आभाराचं कार्ड. मामंजी ऐकून मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची, आणि खाली ते मोडक्या मराठीत सही करायचे. बारावीपर्यंत शिकलेली सून आणली याचा त्या घरात झालेला पहिला उपयोग तो.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की स्टिकर बंपरला लावा. बंपर म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी माहेरून आणलेला शब्दकोश काढला. दहावीत इंग्रजीत पहिली आले म्हणून बक्षीस मिळालेला, पहिल्या पानावर शाळेतल्या बाईंच्या वळणदार मराठी अक्षरात माझं नाव. बघून सांगितलं, मोटारीला पुढं-मागं आडवी पट्टी असते ती.

"मोटार कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. "बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी!"

मामंजींनी तो स्टिकर आपल्या हत्यारांच्या पेटीला चिकटवला. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. ती लाकडी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून रोज कारखान्यात जायची. "ही आमची मोटार, हा आमचा बंपर," ते म्हणाले. सहा महिन्यांत पेटीच्या दोन बाजू भरल्या. गावातली पोरं त्यांना अमेरिकन जॉबर म्हणायला लागली, आणि ते त्यांना फार आवडायचं.

मग एका पत्रात आलं की, जो श्रोता एका वर्षात बारा महिन्यांचे बारा बरोबर अहवाल पाठवील त्याचं नाव रेडिओवर वाचून दाखवू. हे मी वाचलं तेव्हा मामंजी पाटावरून उठूनच उभे राहिले.

"माझं नाव? अमेरिकेतनं?"

"हो. मल्हारी ढवळे, असं म्हणतील."

"मल्हारी ढवळे," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा लांबून कुणी हाक मारावी तसं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, मारली तरी ऐकू येत नाही. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

तर त्या शुक्रवारी नववा अहवाल चालला होता.

"लिही. पाच चाळीस. बापयाचं गाणं. जाडा आवाज. पेटीवानी कायतरी वाजतंय आन् घोड्याची चाल."

मी लिहिलं.

"पाच पंचेचाळीस. आता बाई. दुःखाचं हाय."

लिहिलं. एवढं बोलून त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला, त्यावर तळहात ठेवला आणि बाहेर अंगणाकडं बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आठवतायत.

"मामंजी, खरखरीला किती गुण?" मी त्यांच्यासमोर वाकून विचारलं.

"खरखर अजाबात न्हाई," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी घाल."

खरखर कशी असणार! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढं बसून सगळं मागचं आठवायला लागले. ते माझ्याशी नेहमी तोंडाकडं बघूनच बोलायचे. मला ते मायेचं वाटायचं. पण मागावरची सगळीच माणसं ओठ वाचतात, त्या आवाजात दुसरा इलाजच नसतो. माझा नवराही जेवताना माझ्या तोंडाकडं बघायचा. त्यामुळं या घरात एक माणूस पुरता बहिरा झाला तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. आठ महिने अहवाल जुळले होते, म्हणजे उरलासुरला कान आता आताच गेला असावा. माग कुठं अडलाय हे जॉबर कानानं ओळखतो. कान गेला हे कारखान्यात कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेटी घरात आली असती. ती नुसती घरात पडून असलेली मला दिसायला लागली.

नवऱ्याला सांगावं का, असा विचार केला. पण सुभाष भोळा. सकाळी सांगितलं तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर जाहीर झालं असतं. सासूबाईंचं तर विंचवावरून कळलंच होतं.

आणि अहवाल चुकीचा गेला असता तर स्टिकर येणार नव्हता. नववा महिना गळाला की वर्ष गेलं, नाव गेलं. म्हणून तो कागद मी टपालात टाकलाच नाही.

पुढच्या शुक्रवारी मी सेल आठवणीनं घातले. मामंजी सहापर्यंत ऐकत बसायचे, म्हणजे बसायचे, मग आंघोळीला जायचे. ते मोरीत गेले तसा मी रेडिओ पुसायच्या निमित्तानं आत आणला, कानाला लावला आणि पीठ लागलेल्या हातानं जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. सहा वाजून आठ मिनिटं, पुरुष, गिटार, गाण्यात आगगाडी. सहा बारा, निवेदक पावसाचा अंदाज सांगतो. खरखर खूप, पाचपैकी दोन. दुपारी त्यातून नवा अहवाल लिहिला, मामंजींनी सांगितलेला चुलीत घातला, आणि नव्यावर त्यांची सही घेतली. त्यांनी कागद हातात धरून बघितला. इंग्रजी काय, त्यांना उलटं धरलं तरी सारखंच.

"सगळं लिवलंस न्हवं?"

"सगळं लिहिलं."

सासऱ्याला मी फसवलं हे खरं आहे. वाईट वाटलं का? पहिल्या दिवशी वाटलं. नंतर मात्र मी शुक्रवारची वाट बघायला लागले हे कबूल करते. घरात सगळे माझ्याशी बोलायचे ते भाकरी, पाणी आणि मागासाठी सुताच्या कांडक्या भरणं याबद्दल. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव सुनंदा लिहिलं, तेव्हापासून मी सुनंदा. नाव चांगलंच होतं, पण आपल्याला हाक मारतायत हे मला पहिले काही महिने कळायचंच नाही. दोनदा त्यावरून बोलणीही खाल्ली होती. त्या पंचवीस मिनिटांत मला कुणी हाक मारत नसे. कोण कुठली माणसं, कुठल्या रानात गायी हाकतात, पण त्यांची दुःखं मला पाठ झाली.

नवव्या महिन्याचा स्टिकर आला. निळा. मी पत्र वाचलं, 'आपला अहवाल बरोबर आहे.' मामंजींनी स्टिकर हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"बरोबर हाय म्हणतात?"

"हो. सगळं जुळलं म्हणतात."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली आणि पेटी पुढ्यात ओढून स्टिकर चिकटवला. त्या दिवशी त्यांनी पेटीवर नेहमीसारखी थाप मारली नाही. मी ते बघितलं आणि सोडून दिलं.

दहावा हिरवा आला, अकरावा जांभळा. ते दर शुक्रवारी सांगत राहिले, मी लिहीत राहिले, आणि दुपारी दुसरंच लिहीत राहिले. त्यांचं सांगणं मात्र हळूहळू आखडत गेलं. "बापय गातोय. बाई गातीय. बास, बाकी तुझं तू लिही." मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं. शहाणी समजत होते स्वतःला, दुसरं काय!

फेब्रुवारीत बारावा आला. सोनेरी. त्यासोबत मोठं पत्र. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्या वेळेनं सकाळी सहा ते साडेसहाच्या मध्ये नाव वाचतील. नावाचा उच्चार कसा करायचा तो आधी कळवावा.

"उच्चाराचं मी बघतो," मामंजी म्हणाले. "चौगुले सरांकडं जातो."

"मी लिहिते की."

"ऱ्हाऊ दे. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. अमेरिकेचा मामला हाय."

मला जरा राग आला. बारा महिने मी लिहिलं आणि उच्चाराला चौगुले सर! पण मला दुसरीच काळजी लागली होती. नाव वाचतील आणि ते त्यांना ऐकूच येणार नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच तिथं कोरडा बसणार. मी ठरवलं, त्यांच्यासमोर बसायचं, आणि नाव आलं की लगेच मोठ्यानं म्हणायचं, 'आलं मामंजी, मल्हारी ढवळे म्हणाले!' माझे ओठ वाचून त्यांना कळेल. त्यांनी ऐकल्याचं सोंग करावं, मी त्यांना ऐकू आल्याचं सोंग करावं. घरातलं बरंचसं असंच चालतं.

तो शुक्रवार उजाडला. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, जणू काही अमेरिकेतून दिसणारच होतं. सुभाष रात्रपाळी करून न झोपता बसला होता. मामंजींनी पेटी आणून मधोमध ठेवली, बाराही स्टिकर दिसतील अशी, आणि रेडिओ तिच्यावर ठेवला. कानाला लावला नाही.

"तू हितं बस," ते मला म्हणाले. "फुड्यात. जवळ."

सहा वाजले. एक गाणं झालं, दुसरं झालं. आवाज मध्येच खोल जाई, मध्येच वर येई. मामंजी रेडिओकडं बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, टक लावून. सव्वासहाला निवेदक बोलायला लागला. लांब भारतातून, म्हणाला, आमच्या एका श्रोत्यानं वर्षभर एकही महिना न चुकवता आम्हाला ऐकलं. इतक्या बारकाईनं आमच्या शेजारच्या गावातही कुणी ऐकत नाही. त्या श्रोत्याचं नाव...

मी तोंड उघडूनच बसले होते, 'मल्हारी' म्हणायच्या तयारीत.

"शालन," तो म्हणाला. थांबला. मग पुन्हा, नीट, सावकाश, "शालन ढवळे. शालन, हे गाणं तुझ्यासाठी."

माझं तोंड उघडंच राहिलं. शालन मी. माझ्या आईनं ठेवलेलं नाव. दोन वर्षं ते कुणी उच्चारलं नव्हतं. माहेरी गेले तरी आई चारचौघांत सुनंदाच म्हणायची, उगाच सासरी कुणाला राग नको म्हणून. आणि आता ते समुद्रापलीकडून आलं होतं.

"काय म्हणाला रं?" सासूबाई सुभाषला विचारत होत्या. "तुज्या बापाचं नाव आलं का?"

"शालन का कायतरी म्हणाला," सुभाष गोंधळून म्हणाला.

मामंजी माझ्या तोंडाकडंच बघत होते. "आलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"त्या दिवशी सेल नव्हते," ते म्हणाले. कुणाला वाटावं की बाजारभाव सांगतायत. "निम्मं सांगून झालं आन् रेडिओवर हात ठेवला, तर डबा मेल्याला. चालू असला की हाताला थरारतो. मागासारखंच असतंय ते, कान गेला तरी हात सांगतो. पर मधी थांबावं तर तू हसशील. म्हणून रेटलं तसंच. आन् म्हैन्यानं पत्र, की सगळं बरोबर! म्या कायबी ऐकलं नव्हतं पोरी. मग ऐकलं कुणी?"

"मामंजी, मी..."

"ज्यानं ऐकलं त्याचं नाव. रीत हाय त्यांची."

"पण तुमचं नाव यायचं होतं. तुम्हाला किती..."

"व्हतं की. हौस व्हती," ते म्हणाले, आणि क्षणभर खरंच त्यांचा चेहरा उतरला. ते मी अजून विसरलेले नाही. "पर सरांकडनं लिवून घेताना म्हणलं, सुनंदा घालावं तर ते आमी ठेवलेलं. तुज्या त्या शब्दांच्या पुस्तकावर दुसरं हाय. बक्षिसाचं. तुज्या कमाईचं तेच." मग सुभाषकडं वळून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "माझं कान गेल्यात. शेठला सांगितलंय म्या. हातानं माग कळतोय तवर ये म्हणाला."

सुभाष आणि सासूबाई एकमेकांकडं बघत राहिले. रेडिओवर गाणं चाललं होतं, कुणीतरी बाई, माझ्यासाठी, नाकात. मी पदर डोळ्यांना लावून मुसमुसत होते, आणि सासऱ्यासमोर रडावं की नाही याचंही भान नव्हतं.

पुढं दोन वर्षं ते हातानं माग दुरुस्त करत राहिले. आता ते नाहीत, रेडिओ नाही, ते स्टेशनही कधीच बंद झालं. पेटी माझ्याकडं आहे. स्टिकर उडालेत, घोडा तेवढा ओळखू येतो. नातवंडं विचारतात, आजी, हे कशाचे गं, तर मी सांगते, मोटारीचे. बाकीचं सांगायला बसलं की मला शेवटचं बोलवत नाही.

कारण त्या सकाळी मामंजींनी माझ्या डोक्यावर टपली मारली होती आणि म्हणाले होते, "रडतीस काय? एवढ्या लांबनं हाक मारली त्यानं. ओ दे की!"

आणि मी त्या रेडिओकडं बघून, सगळ्या घरासमोर, मोठ्यानं 'ओ' दिली.